डीएससीएटीटी क्लिनिकल पाथवे: निम्म्या वाटेपर्यंत चांगली साथ देणारी मार्गदर्शिका

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि झाडीझुडपांत फिरणाऱ्या मराठी मंडळींनी गोचीड चावल्यानंतरच्या दुखण्यांवरची, सरकारी आरोग्य खात्याची ही मार्गदर्शिका वाचायला हवी. लिहिली आहे डॉक्टरांसाठी, पण मिळते सगळ्यांना, आणि फुकट. पाचपैकी तीन तारे.

गोचीड चावल्यानंतर महिनोन्‌महिने थकवा, सांधेदुखी, लक्ष न लागणं असा त्रास होणारे तिथले रुग्ण आपल्या दुखण्याला लाइम (गोचिडीतून लागणारा एक जिवाणूजन्य आजार) म्हणतात. सरकार म्हणत नाही, कारण लाइमचा जिवाणू तिथल्या गोचिडींत खात्रीने सापडलेला नाही. या दुखण्याबद्दल संसदेच्या सिनेट सभागृहाने केलेल्या २०१६च्या चौकशीपुढे हजारावर निवेदनं आली. पुढे 'लाइम' शब्द टाळून डीएससीएटीटी हे नाव आलं आणि २०२०मध्ये ही मार्गदर्शिका. नावाचा अर्थ असा: गोचिडींमुळे होतो असं मानला जाणारा, माणसाला जेरीस आणणारा लक्षणसमूह. सगळा वाद त्या 'मानला जाणारा'वर आहे.

पहिला भाग उत्तम. आधी काय काय तपासून वगळायचं हे डॉक्टरला नीट कळतं: क्वीन्सलँड टिक टायफस आणि फ्लिंडर्स आयलंड स्पॉटेड फीवर हे गोचिडीचे ताप, मुख्यतः गुराढोरांपासून लागणारा क्यू फीवर, परदेशात लागण झालेला लाइम, शिवाय गोचिडीशी संबंध नसलेले आजारही. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाताना लांब वेळेची अपॉइंटमेंट घ्या आणि एका कागदावर लिहून न्या: चावल्याची तारीख, ठिकाण, चट्ट्याचा फोटो, तापाचे दिवस, गुराढोरांशी आलेला संबंध, परदेश प्रवास. अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा युरोपात जाऊन आला असाल तर ते आवर्जून सांगा.

चुका होतात त्या रक्ततपासणीत. टिक टायफसची अँटिबॉडी पहिल्या आठवड्यात बहुधा दिसतच नाही. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना देऊन पातळी चौपट वाढली का ते पाहावं लागतं. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला की लोक दुसरा नमुना देतच नाहीत आणि निदान हुकतं. लाइमची तपासणी दोन टप्प्यांची: आधी एलायझा ही चाळणी चाचणी, मग खात्री करणारी इम्युनोब्लॉट. त्रास सुरू होऊन महिने उलटले असताना नुसता आयजीएम (लागण झाल्यावर सुरुवातीला तयार होणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आला, तर तो बऱ्याचदा खोटा असतो. त्यामुळे मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेच्या महागड्या रिपोर्टवर वर्षभराची अँटिबायोटिक्स सुरू करू नका. इथे सरकारची भूमिका बरोबर आहे, रुग्णांच्या बाजूने बोलतानाही ते मान्य केलं पाहिजे.

तारे कापले ते पुढच्या भागासाठी. सगळं वगळून झालं आणि माणूस अंथरुणातच आहे, तर हाती उरतं लक्षणांवरचे उपचार आणि वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे पाठवणी. क्यू फीवरचा रुग्ण सापडला की त्याची सरकारदरबारी सक्तीने नोंद होते. डीएससीएटीटीची होत नाही. मग रुग्ण किती, कुठल्या भागातले, कुठल्या ऋतूत वाढतात, हे कळणार कसं? संशोधनाला पैसे दिले गेले, मर्डॉक आणि मेलबर्न विद्यापीठांत काम झालं. पण मोजणी ही रोजची व्यवस्था असते, एखाद्या प्रकल्पाने ती भागत नाही.

कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७मध्ये आधी माकडं मेलेली दिसली, माणसं तापाने फणफणली, आणि त्या नोंदींचा माग काढत गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाचा विषाणू हाती लागला. आधी आजाराची नोंद, मग कारण. रुग्णांना सरकारकडून हवी असलेली मान्यता म्हणजे 'लाइम'चा शिक्का नव्हे. आजाराची सक्तीची नोंद, चावलेली गोचीड जमा करायची सोय, आणि वर्षाने पुन्हा तपासणी, एवढं झालं तरी ती मान्यताच.

गोचीड काढताना चिमट्याने दाबू नका. पॅरालिसिस टिक (पूर्व किनाऱ्यावरची विषारी गोचीड) दाबली की तिची लाळ अंगात जाते, आणि ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. औषधांच्या दुकानातून ईथरचा फ्रीझ स्प्रे घ्या, ती जागच्या जागी मारा आणि आपोआप गळू द्या. मग बाटलीत घालून तारीख-ठिकाण लिहून ठेवा.

खासदाराला पत्र लिहाल तेव्हा 'मला लाइम आहे' असं लिहू नका. तारखेवार टिपण आणि सगळे निगेटिव्ह रिपोर्ट जोडा, आणि विचारा: माझी नोंद कुठल्या रकान्यात झाली आहे?