मजीद की जमशीद?

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पोरांचा फुटबॉलचा सराव संपला की वाद ठरलेला: मजीद बिश्कर मोठा की जमशीद नासिरी? दोघेही इराणचे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आले आणि १९८० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबमध्ये दाखल झाले.

नुसता खेळ बघायचा तर माझं मत मजीदला. बारा नंबरची जर्सी, मधल्या फळीतून अलगद सुटणारा पास. त्याला पाहिलेली माणसं आजही त्याच्याबद्दल हळवी होऊन बोलतात. पुढे तो मायदेशी परतला. २०१९ मध्ये क्लबच्या शताब्दीला कोलकात्यात आला, तेव्हा विमानतळावर चाहत्यांची झुंबड उडाली.

जमशीद गोल करणारा, पण त्याची खरी कमाई नंतरची. तो कोलकात्यातच राहिला, संसार थाटला, प्रशिक्षक झाला. परक्या शहरात दुसऱ्यांना घडवत राहणं सोपं नाही. २९ जानेवारी २०२२ ला त्याचा मुलगा कियान बदली खेळाडू म्हणून उतरला आणि बापाच्याच जुन्या क्लबविरुद्ध त्याने हॅटट्रिक मारली!

पोरं मजीदच्या बाजूने. मी मात्र बूट चिखलाने माखलेल्या त्या बारक्या गोलकीपरला जमशीदचीच गोष्ट सांगतो.