ट्रेडमार्क नोंदणीची सरकारी ऑनलाइन सेवा : अर्ज सोपा, पाठपुरावा अवघड

मसाले, लोणची, तयार कपडे किंवा खानावळ यांपैकी एखादा छोटा व्यवसाय नावारूपाला आला की ते नाव दुसऱ्याने उचलू नये यासाठी काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा खाद्यपदार्थांचा परवाना मिळाला म्हणजे नावही आपले झाले, असा समज अजून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात यातल्या एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही आणि कंपनी म्हणून नाव मंजूर झाले तरी तो मिळत नाही. नोंदणीकृत हक्कासाठी ट्रेडमार्क कायदा, 1999 प्रमाणे अर्ज करावा लागतो आणि तो केंद्र सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. वकिलाकडे न जाता स्वतः अर्ज करू पाहणाऱ्या उद्योजकाला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढाच विचार येथे केला आहे.

शुल्काच्या बाबतीत सेवा निश्चितच वाजवी आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये पडतात, इतरांना 9,000. 2017 च्या नियमांनी पूर्वीच्या 74 नमुन्यांच्या जागी केवळ 8 नमुने ठेवले, त्यामुळे कोणता कागद भरायचा हा गोंधळही पुष्कळ कमी झाला. मात्र वर्गांचे गणित आधी समजून घ्यावे. वस्तू आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. मसाले 30 व्या वर्गात येतात आणि लोणची 29 व्या, म्हणून दोन्ही विकणाऱ्या लघुउद्योगाला एकाच नावासाठी 9,000 रुपये भरावे लागतात.

नावाचा शोध घेण्याची सोय विनामूल्य आहे आणि अर्जापूर्वी तिचा वापर करणे अत्यावश्यक आहे. नेमका शब्द, त्या शब्दाने सुरू होणारी नावे आणि उच्चाराने जवळची नावे असे निरनिराळे शोध घेता येतात. मराठी नावांसाठी यात एक अडचण राहते. आपले नाव रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते, त्यामुळे एकाच अक्षररचनेवर विसंबून नाव मोकळे आहे असे समजणे धोक्याचे ठरते. सप्टेंबर 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शोधप्रणाली सुरू झाली, तरीही सर्व रूपे स्वतः तपासावीत, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय या शोधात फक्त अर्ज केलेली आणि नोंदलेली नावे दिसतात. नोंदणी न करता आपल्याआधीपासून तेच नाव सातत्याने वापरणारा दुकानदार तेथे दिसणार नाही, पण कायद्याचे 34 वे कलम त्याच्या पूर्वापार वापराला संरक्षण देते. म्हणून बाजारातही चौकशी करणे भागच आहे.

या सेवेचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग म्हणजे खुली नोंदवही. कोणत्याही अर्जाचा क्रमांक टाकला की त्याची सद्यःस्थिती, परीक्षकाने काढलेले आक्षेप आणि अर्जदाराने दिलेले उत्तर, हे सारे वाचता येते. आपल्या व्यवसायातल्या दहा-पंधरा अर्जांवरील परीक्षण अहवाल शांतपणे वाचले, तर केवळ वस्तूचे वर्णन करणारी नावे 9 व्या कलमाखाली कशी अडतात आणि आधीच्या नावाशी असलेले साम्य 11 व्या कलमाखाली कसे आडवे येते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होते. ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘गावरान’ अशा शब्दांवर पैसे आणि वेळ घालवण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे वाचन करावेच.

अर्जातील एका रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. नाव कधीपासून वापरात आहे, हे तेथे विचारले जाते. जुन्या वापराचा दावा केला तर प्रतिज्ञापत्र आणि बिले, जाहिराती यांसारखे पुरावे जोडावे लागतात. हा त्रास टाळण्यासाठी वर्षानुवर्षे विक्री करणारे लोकही ‘पुढे वापरणार’ असा पर्याय निवडून मोकळे होतात. हे मोठे नुकसान आहे, कारण नावाच्या वादात आधीच्या वापराला मोठे वजन असते आणि अर्जातील ही माहिती नंतर बदलून घेणे सोपे नसते. संकेतस्थळाने अर्ज भरतानाच याची ठळक सूचना द्यायला हवी.

अर्ज केल्यानंतरची वाटचाल हा या सेवेचा कच्चा दुवा आहे. परीक्षण अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाव ट्रेडमार्क जर्नल या सरकारी प्रकाशनात प्रसिद्ध झाल्यावर कोणालाही 4 महिन्यांत विरोध नोंदवता येतो आणि त्या विरोधाची प्रत मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. या सूचना मुख्यतः ईमेलवर येतात, तर पापडाची यंत्रे किंवा शिलाई मशीन चालवणाऱ्या कित्येकांच्या दिवसात ईमेल उघडण्याचे कामच नसते. मार्च 2016 मध्ये लाखाहून अधिक अर्ज एकदम परित्यक्त ठरवले गेले, सूचनाच मिळाली नाही अशी तक्रार घेऊन अर्जदारांचे प्रतिनिधी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलमध्ये न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली. तेव्हापासून यंत्रणा सुधारली असली, तरी अर्ज करताना एजंटाचा नव्हे तर स्वतःचा, रोज पाहिला जाणारा ईमेल द्यावा आणि दर आठवड्याला आपला क्रमांक टाकून स्थिती पाहावी.

भाषेबद्दलही बोलणे आवश्यक आहे. कार्यवाही इंग्रजी किंवा हिंदीतच चालते. ट्रेडमार्क नोंदणीचे मुंबई कार्यालय अँटॉप हिलला असूनही मराठीत अर्ज करता येत नाही. निदान मार्गदर्शक पुस्तिका आणि आक्षेपांच्या उत्तरांचे नमुने मराठीत मिळाले, तर महिला बचत गटांसारख्या अर्जदारांना ही सेवा खऱ्या अर्थाने वापरता येईल.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षे टिकते. अर्जाच्या वेळी मिळणारी लघुउद्योगाची सवलत नूतनीकरणाला लागू नाही. तेव्हा ऑनलाइन भरतानाही प्रत्येक वर्गासाठी सर्वांना 9,000 रुपयेच भरावे लागतात, आणि वर्ग निवडतानाच हा पुढचा खर्च हिशेबात धरलेला बरा.