घरबसल्या जर्मन: डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’

जर्मन प्रसारणसंस्था डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ (म्हणजे ‘निकोचा मार्ग’) हा ए१ ते बी१, म्हणजे अगदी सुरुवातीपासून मध्यम पातळीपर्यंतचा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम मी मनापासून सुचवतो. स्पेनहून जर्मनीत आलेल्या निकोची बॅग विमानतळावरच हरवते आणि त्याच्या गोष्टीतून, छोट्या चित्रफिती व लगेच सोडवायच्या प्रश्नांच्या आधाराने, भाषा उलगडत जाते. मराठी माणसाला तीन लिंगे नवी नाहीत; ‘डास बूख’ म्हणजे ‘ते पुस्तक’ हे चटकन पटते, पण सूर्य तिथे स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! म्हणून प्रत्येक नाम मी लिंगासकट वहीत उतरवतो. बोलण्याचा सराव मात्र समोर माणूस असल्याशिवाय होत नाही, त्यामुळे दर रविवारी एका मैत्रिणीशी अर्धा तास जर्मनमध्येच बोलतो.