एकरी एक लाख ल्यूमेन: फ्लॅगस्टाफमधील एका हॉटेलातील मुक्काम

अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 7,000 फूट उंचीवर, आम्ही ऑक्टोबरमध्ये दोन रात्री राहिलो. रूट 66 या जुन्या महामार्गालगतचे हे दुमजली हॉटेल मध्यम दराचे आहे. खोली, नाश्ता आणि गरम पाणी यांना नाव ठेवण्यासारखे काही नाही आणि मुद्दाम वाखाणावे असेही काही नाही. लिहावेसे वाटले ते तेथील आवारातील दिव्यांविषयी.

रात्री आठच्या सुमारास गाडी आत वळली, तेव्हा नागपूरहून आलेल्या आणि महावितरणमधून निवृत्त झालेल्या बाबांचा पहिला प्रश्न होता, "इथेही भारनियमन आहे का रे?" स्वागतकक्षातील तरुणाने हसून सांगितले की वीज भरपूर आहे, हा शहराचा नियम आहे. आवारात एकही दिवा डोळ्यांवर येत नव्हता, कारण प्रत्येक दिव्याला वरून आणि बाजूंनी झाकण होते व पिवळसर नारिंगी प्रकाश फक्त खाली, जमिनीवर पडत होता. वरच्या मजल्याच्या सज्जातून खाली पाहिले तर दिव्यांच्या जागी काळी झाकणेच दिसत होती.

वेधशाळेतून तारे दिसावेत म्हणून आकाश काळोखे राखण्याच्या या नियमाचा इतिहास जुना आहे. येथील लॉवेल वेधशाळा 1894 सालची असून प्लूटोचा शोध तेथेच 1930 मध्ये लागला. जाहिरातीसाठी आकाशात झोत टाकणाऱ्या सर्चलाइटना शहराने 1958 मध्ये बंदी केली, 1989 मध्ये भूखंडावरील बाहेरच्या एकूण प्रकाशाला एकरी मर्यादा घातली आणि 2001 मध्ये जगातील पहिले 'आंतरराष्ट्रीय डार्क स्काय सिटी', म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखणारे शहर, हा मान मिळवला. एखादा दिवा किती प्रखर आहे एवढेच न पाहता संपूर्ण आवारातील प्रकाशाची बेरीज धरायची, ही त्यातील खरी मेख आहे. व्यापारी मालमत्तांना शहराच्या बहुतेक भागात एकरी 1,00,000 ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप), मधल्या पट्ट्यात 50,000 आणि वेधशाळांच्या लगतच्या पट्ट्यात केवळ 25,000 ल्यूमेन एवढीच मुभा आहे. कापसाच्या उताऱ्यासारखा हा एकरी हिशेब बाबांना फारच भावला. एकराचे चाळीस गुंठे धरून त्यांनी तिथल्या तिथे भागाकार केला: आपल्या हॉटेलाला गुंठ्यामागे अडीच हजार ल्यूमेन आणि वेधशाळेजवळच्या दुकानदाराला 625, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या बल्बाहूनही कमी.

रंगामागेही कारण आहे. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि आकाश उजळवतो. याउलट 590 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा अरुंद पट्ट्यातील पिवळा प्रकाश खगोलशास्त्रज्ञांना गाळणी लावून वगळता येतो. पूर्वी त्यासाठी कमी दाबाचे सोडियमचे दिवे वापरत, आता त्याच रंगाचे एलईडी आले आहेत. त्याची किंमत मात्र पाहुण्याला मोजावी लागते, कारण या प्रकाशात रंग ओळखूच येत नाहीत. आमची लाल गाडी मातकट काळी दिसत होती आणि बाबांनी डिकीतून काढलेल्या औषधांच्या दोन पट्ट्यांपैकी गुलाबी गोळ्या कोणत्या आणि हिरवट कोणत्या, हे मोबाइलचा टॉर्च लावल्याशिवाय कळले नाही.

खरी तक्रार मागच्या जिन्याविषयी आहे. छताखालच्या वळणावर दिवाच नसल्यामुळे शेवटच्या दोन पायऱ्या चाचपडत उतराव्या लागल्या. पहिल्या रात्री सांगूनही दुसऱ्या रात्री स्थिती तीच होती. याचे खापर नियमावर फोडता येणार नाही. दर्शनी भागातील झाडांवर सोडलेले शोभेचे दिवे थोडे कमी केले असते, तर त्याच हिशेबात जिन्यासाठी एक झाकलेला दिवा सहज बसला असता. शेजारच्या आवारातील एका उघड्या, बहुधा जुन्या दिव्याचा झोत आमच्या पडद्यावर रात्रभर पडत राहिला, तेव्हा झाकणाचे मोल वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

चंद्र नव्हता. वाहनतळाच्या मागच्या कोपऱ्यात वीसेक मिनिटे उभे राहिल्यावर डोळे सरावले आणि आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसू लागला. आमच्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, याचा बाबांना सार्थ अभिमान आहे. परंतु ते जंगल आहे आणि येथे पाऊण लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरात, दुकाने आणि हॉटेले चालू ठेवून हे साधले आहे, हे त्यांनीच मला बजावले.

पाचपैकी चार गुण, एक जिन्यासाठी कापला. जाणाऱ्यांनी वरच्या मजल्यावरची, मागच्या बाजूची खोली मागावी, गाडीतील औषधे उजेडीच खोलीत नेऊन ठेवावीत आणि येताना पुढचाच जिना वापरावा.