जेलीफिशसाठी स्टिरिओ झूम मायक्रोस्कोप: डार्कफील्ड बेस असेल तरच घ्या

आयपीस १०चे, झूम ०.७ ते ४.५, म्हणजे एकूण ७ ते ४५ पट. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतला हा नेहमीचा ट्रायनॉक्युलर, म्हणजे दोन आयपीस आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी. जेलीफिशची प्रजाती ठरवायला तो पुरतो, पण सोबत येणाऱ्या साध्या बेसवर नाही. खालून थेट उजेड आला की पारदर्शक छत्रीचं काहीच दिसत नाही. डार्कफील्ड बेसवर तिरका उजेड पडतो, मागे काळोख राहतो, आणि कडेचे लॅपेट (पाकळ्यांसारखे भाग), ऱ्होपॅलिया (कडेवरचे संवेदी अवयव), आतल्या नलिका उठून दिसतात.

खरं काम कडेवरच असतं. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन जेलीफिश घ्या. पेलाजियाला ८ शुंडके आणि १६ लॅपेट; क्रायसाओराला २४ किंवा जास्त शुंडके, लॅपेट ३२ किंवा जास्त. सँडेरियाला शुंडके १६ आणि ऱ्होपॅलियाही १६, बाकी दोघींना ऱ्होपॅलिया ८च. गोची अशी की क्रायसाओराच्या पिल्लालाही आधी ८च शुंडके असतात. म्हणून २० पटीवर दोन शुंडक्यांमधली खाच बघायची, नव्या शुंडक्याचा कोंब तिथे सापडतो. जाळ्यात शुंडके तुटतात, तेव्हा मोजायची ती त्यांची मुळं.

बॉक्स जेलीफिशला, म्हणजे चौकोनी छत्रीवालीला, १० पटही खूप झाली. ऱ्होपॅलियाच्या कोनाड्याचं तोंड अलाटिनात इंग्रजी टीसारखं, कॅरिब्डियात पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. दंशकोशिकांसाठी मात्र हे यंत्र निरुपयोगी. तिथे ४०० पटीचा कंपाउंड मायक्रोस्कोपच लागतो.

०.५ पटीचं जोडभिंग घ्याच. दृश्यक्षेत्र २८ मिमीवरून ५७ मिमीच्या आसपास जातं आणि चिमटा चालवायला खाली जागा मिळते. रिंगलाइट वापरत असाल तर नमुना पूर्ण पाण्यात बुडवा, बाहेर डोकावणारी कड नुसती चमकते. नमुना समुद्राच्या पाण्यातल्या ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, बघण्याआधी धुवा. अल्कोहोलमध्ये तो आक्रसतो, त्यामुळे डीएनएसाठी छोटा तुकडा आधीच कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकावा.

एखादा आकडा जुळला नाही म्हणून लगेच नवी प्रजाती होत नाही. खरोखर नवी निघालेल्या, २००३मध्ये वर्णन झालेल्या टिब्युरोनियात तर कडेला शुंडकेच नव्हते, तोंडाभोवतीचे मुखबाहू जाड आणि ४ ते ७. तिची छत्री पाऊण मीटरपर्यंत जाते, तिला मायक्रोस्कोप कशाला!

तक्रारी दोन. कॅमेऱ्याकडे उजेड वळवला की बऱ्याच मॉडेलांत एक आयपीस अंधारते, नमुन्याची खोली कळेनाशी होते. आणि बेसच्या काचेभोवती सील नसेल तर सांडलेलं खारं पाणी थेट एलईडीपर्यंत पोचतं. विकत घेताना काच उचलून बघा.