पेन्सिल का ब्लेड? टॅबवरची फोटोची अ‍ॅप्स, एका जुन्या स्टुडिओवाल्याच्या नजरेतून

टॅब घ्यायला विश्रामबागेतल्या दुकानात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे?" मी म्हटलं, "टचिंगला." तो म्हणाला, "टच तर सगळ्यांनाच असतोय की!"

त्याची चूक नाही. टचिंग म्हणजे काय हे सांगता येणारी माणसं आता सांगलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. हरभट रोडच्या एका बोळात १९८१ पासून माझा स्टुडिओ होता. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, तिच्यावर मीडियम (पेन्सिल धरावी म्हणून लावायचं द्रावण) चोळायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक ठिपका होऊन बसतो, तो पेन्सिलीनं भरला की प्रिंटवरून डाग गेला. आणि जिथं नको तिथं पांढरं चमकतंय, तिथं ब्लेडच्या टोकानं निगेटिव्ह हलकेच खरवडायची. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता यायची. ब्लेड चुकलं की चुकलं. मग गिऱ्हाइकाला पुन्हा बसवून फोटो काढा, नाहीतर शिव्या खा.

हे पुराण लावायचं कारण असं, की गेल्या दीड वर्षात मी टॅबवर डझनभर अ‍ॅप्स घालून बघितली आणि काढून टाकली. शेवटी प्रत्येक अ‍ॅप उघडल्यावर मनात एकच प्रश्न यायला लागला: हे पेन्सिलवालं आहे का ब्लेडवालं?

आधी काम काय होतं ते सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या दुकानात ते माळ्याच्या फळीपर्यंत आलं. माळ्यावरची खोकी वाचली, खालची कपाटं गेली. गेली म्हणजे वाहून नाही गेली. भिजली, आणि मदतीला आलेल्या पोरांनी मी पोचायच्या आत पाकिटांसकट ती गच्चीत उन्हात पसरली. ओल्या निगेटिव्हचं जिलेटिन फुगलेलं असतं. ती ओली असतानाच स्वच्छ पाण्यात सुटी करायला लागते. एकदा एकमेकींना चिकटून वाळली की संपली. त्यानंतर मी शटर ओढलं. माळ्यावरचा माल घरी आणला आणि ठरवलं, जमेल तेवढा टॅबमध्ये उतरवून ठेवायचा. घरचे अल्बम वेगळे, ते धरून एकूण काही हजार फोटो.

टॅब घेतला सॅमसंगचा, टॅब एस सिक्स लाइट. साडेदहा इंचाला थोडा कमी पडदा, मेमरी कार्डाला खाच आणि मुख्य म्हणजे पेन खोक्यातच मिळतं, वेगळे पैसे नाहीत. मला पेनच पाहिजे होतं. बोटानं टचिंग करायचं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवण्यासारखं आहे.

फोटो काढायला मात्र टॅबचा कॅमेरा वापरू नका. तो फोनचा वापरा आणि टॅबला उजेडाची काच करा. कोरं पांढरं चित्र पडदाभर लावायचं, ब्राइटनेस पूर्ण वर. निगेटिव्ह थेट पडद्यावर ठेवली तर फोटोत पडद्याची बारीक जाळी येते. मी चार कोपऱ्यांना कॅरमच्या तीन-तीन सोंगट्या रचून वर फोटोफ्रेमची काच ठेवतो, जाळी विरघळून जाते. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर पाहिजे. नाहीतर फोटो आरशातला येतो आणि बुशशर्टाचा खिसा उजवीकडे गेला की मगच कळतं. माझ्या तसल्या चाळीस निघाल्या.

घरच्या अल्बममधल्या चकचकीत प्रिंटांना गूगलचं फोटोस्कॅन चांगलं आहे, फुकट आहे. पडद्यावर चार ठिपके येतात, त्या प्रत्येकावर फोन नेऊन धरायचा, मग ते सगळं जुळवून खिडकीची चमक काढून टाकतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटायला गेलं तर पापुद्रा सुटतो, त्यामुळे प्लॅस्टिकखालूनच उतरवता येणं ही मोठी सोय.

आता टचिंग. इथं माझं मत स्पष्ट आहे: स्नॅपसीड. हे अ‍ॅप २०११ साली आयपॅडसाठी निघालं, निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीचं. पुढच्या वर्षी गूगलनं ती कंपनीच घेतली. आजही फुकट आणि जाहिरात एकही नाही. मुळात टॅबसाठी बांधलेलं असल्यानं मोठ्या पडद्यावर ते कोंदट वाटत नाही. काळी-पांढरी निगेटिव्ह सुलटी करायला त्यात वेगळं बटण नाही, पण ‘कर्व्हज’मध्ये जाऊन रेषेचं डावं टोक खालून वर आणि उजवं टोक वरून खाली ओढलं की उलट्याचं सुलट होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा डार्करूममध्ये डेव्हलपर या रसायनाच्या ट्रेमध्ये चित्र उमटायचं त्याची आठवण झाली. फक्त नाकात हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास नव्हता.

‘सिलेक्टिव्ह’ हे त्यातलं माझ्या आवडीचं हत्यार. चेहऱ्यावर एक टिंब ठेवायचं, दोन बोटांनी त्याचा घेर लहानमोठा करायचा आणि तेवढाच भाग उजळायचा किंवा दाबायचा. डार्करूममध्ये फोटो मोठा करायच्या एन्लार्जरच्या उजेडाखाली आम्ही तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून ती हलवत ठेवायचो, तेच काम. हात थरथरला की चेहऱ्याभोवती पांढरं वलय यायचं. इथं येत नाही. बुरशीचे ठिपके, पिनेची भोकं ‘हीलिंग’नं जातात. पेनानं टिचकी मारायची, झालं. पडद्यावर फोटो जितका मोठा कराल तितका ब्रश बारीक होतो हे लक्षात ठेवा, कारण ब्रशचं माप दुसरीकडे कुठं शोधून सापडणार नाही. पण डागाच्या जागी आणायचा तुकडा कुठून घ्यायचा हे ते आपलं आपण ठरवतं. गालावर चालतं. नऊवारीच्या काठावर चिर गेली असेल तर काठात पदर आणि पदरात काठ मिसळून ठेवतं. अशा वेळी मी चिर तशीच सोडतो.

आणि पेन्सिलीचा मुद्दा. केलेल्या प्रत्येक बदलाची उतरंड ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये दिसते. मधलीच एखादी पायरी काढा, बदला किंवा ती फोटोच्या एवढ्याच भागाला लागू दे म्हणून ब्रशनं रंगवा. सेव्ह केल्यावर मूळ फोटोला हात न लावता वेगळी प्रत तयार होते. सेटिंगमध्ये जाऊन प्रतीचा दर्जा १०० टक्के करून घ्या, एवढं एकदा केलं की विसरून जायचं.

ब्लेडवाल्याचीही गोष्ट सांगतो, नाव नको. जुने फोटो एका टिचकीत नवे करतो म्हणणारं एक अ‍ॅप. एका गिऱ्हाइकाला तिच्या वडलांचा १९८४ मधला फोटो भिंतीवर लावायला मोठा करून पाहिजे होता. मी घाई केली, अ‍ॅपात घातला. डोळे लख्ख, मिशीचा केस न् केस वेगळा, कातडी गुळगुळीत. बाई बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, पण बाबांच्या तोंडावर देवीचे व्रण होते की." मला घाम फुटला. कारण ते व्रण मीच, १९८४ साली, त्यांच्याच सांगण्यावरून पेन्सिलीनं निम्मे भरले होते. "सगळे घालवू नको, लोक ओळखणार नाहीत," असं तो माणूस मला म्हणाला होता. यंत्राला ‘निम्मे’ सांगायची सोय नव्हती. ते मूळ चेहरा साफ करतच नाही, अंदाजानं नवा चेहरा रंगवतं. मी स्थळांना दाखवायच्या फोटोंत मुली गोऱ्या करून दिल्यात, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणत नाही. पण नाक कुणाचं बदललं नाही. तो फोटो नंतर स्नॅपसीडमध्ये अर्ध्या तासात केला. व्रण निम्मेच ठेवले.

लावून ठेवायचं काम टचिंगपेक्षा किचकट. त्यासाठी स्नॅपसीड अजिबात उपयोगाचं नाही, फोटो शोधून देणं हे त्याचं कामच नव्हे. स्टुडिओत माझं रजिस्टर होतं: साल, नंबर, नाव. पाकिटावर तोच नंबर. टॅबवर मी प्रत्येक फाइलला तेच नाव देतो, १९८७-४१२ असं. दुरुस्त प्रतीला पुढं ‘ट’ लावतो. नाव देणं कंटाळवाणं आहे, दिवसाला पन्नासाच्या पुढं होत नाही. पण अ‍ॅप बदललं, टॅब बदलला तरी नाव फाइलबरोबर जातं.

हे महत्त्वाचं का, ते गूगल फोटोजनं शिकवलं. घरचे सगळे फोटो मी तिथं ठेवलेत आणि शोधायला त्याला तोड नाही. माझ्या धाकट्या भावाचा जावळाचा फोटो आणि साठीचा फोटो समोर ठेवून त्यानं मला विचारलं, हा एकच माणूस का वेगळा? आईलाही थांबून बघायला लागलं असतं. पण जुना फोटो आज उतरवला की त्याच्यावर आजची तारीख पडते, म्हणून आजीचा १९६२ मधला फोटो कालच्या भाजीच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. तारीख हातानं बदलता येते, खाली वर्णनही लिहिता येतं. मेख अशी, की ही बदललेली तारीख आणि वर्णन गूगलच्या वहीत राहतं, फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाही. उद्या सगळा माल बाहेर काढलात तर ती माहिती वेगळ्या छोट्या फाइलींत हातात येते. म्हणजे पाकीट एकीकडे, रजिस्टर दुसरीकडे.

दुसरी गोष्ट जागेची. १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद साठवण बंद झाली. आता १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. चार एमबीचा एक फोटो धरला तर फार तर पावणेचार हजार फोटो बसतील. मी शंभर जीबीची वर्गणी घेतली, वर्षाचे १३०० रुपये एकदम. आणि तिसरी गोष्ट लाल शाईत लिहून ठेवण्यासारखी: बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून फोटो उडवला की तो टॅबमधूनही उडतो. पुष्कळांना वाटतं वरचा गेला, खालचा राहील. तसं नाही. ६० दिवस तो ट्रॅशमध्ये सापडतो, तेवढीच मुदत.

गिऱ्हाइकांचे फोटो मात्र मी तिथं ठेवत नाही. त्यांनी मला पासपोर्टसाठी, लग्नासाठी चेहरा दिला होता, क्लाउडवर चढवायला नव्हे. ते मेमरी कार्डावर आणि एका हार्ड डिस्कवर. त्यातून निवड करायला लाइटरूम हे अ‍ॅप. फोटोंना चांदण्या द्यायच्या, पसंत-नापसंतची झेंडी लावायची, अल्बम करायचे, हे सगळं फुकट खात्यात होतं. बदल ते सूचना म्हणून वेगळे लिहून ठेवतं, मूळ फोटो जसाच्या तसा. अगदी अस्सल पेन्सिल. मास्किंगसारखी (फोटोचा ठराविक भागच निवडून बदलायची) चांगली हत्यारं वर्गणीवाल्यांनाच, आणि वर्गणी नसेल तर केलेलं काम त्या एका टॅबपुरतं राहतं, दुसरीकडे आपोआप पोचत नाही. रोज पन्नास-शंभर फोटो हाताळणाऱ्यानं पैसे भरावेत. घरचे दोन अल्बम करायला मी सांगणार नाही.

सॅमसंगची गॅलरी? ठीक आहे. बदल करून फोटो सेव्ह केला तरी नंतर मूळ रूप परत आणायची सोय आहे, ते आवडलं. नातवंडांचे फोटो कापायला पुरते.

एकसारखे फोटो शोधून साफ करणारी अ‍ॅप्स टाळा. एक घालून बघितलं होतं, नशिबानं कार्डाची नक्कल करून तिच्यावर. एका लग्नातले सात फोटो त्याला एकच वाटले. प्रत्येकात नवरा-नवरी तीच, हार तेच, स्टेज तेच, पण शेजारी उभं राहिलेलं कुटुंब वेगळं! त्यानं सहा कुटुंबं खोडायला काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेल्या फोटोंचं वेगळंच. त्यांतली तारखेची, कॅमेऱ्याची माहिती निघून जाते आणि फोटोही आकसतो. कुणाला मूळ पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गिऱ्हाइकांना मी तसाच पाठवतो, मग ते विचारतात, उघडत का नाही लगेच.

एवढं करून काळ्या-पांढऱ्याची बारा खोकी संपत आली आहेत. रंगीत निगेटिव्हची चार अजून पलंगाखाली आहेत. त्यांच्या फिल्मलाच नारिंगी झाक असते, नुसतं उलटं करून रंग बसत नाहीत, सगळी माणसं निळसर आजारी दिसतात. कर्व्हजमध्ये लाल, हिरवा, निळा वेगळा ओढून एक फोटो जमवला, पाऊण तास लागला. एका खोक्यात साधारण चारशे. दिवाळीनंतर बघू.