चरबीची गाठ, दादरचं होमिओपॅथी क्लिनिक आणि आमच्या ह्यांचा व्हर्नियर (२ स्टार)

क्लिनिकचं नाव देत नाही कारण मला भांडण नकोय. दादर वेस्ट, स्टेशनपासून पाच मिनिटं, पहिला मजला, खाली साड्यांचं दुकान, एवढं पुरे. २ स्टार का आणि शून्य का नाही ते पण सांगते, शेवटपर्यंत वाचा.

गाठ सापडली माझ्या टेलरताईला. गणपतीच्या आधी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते, मागून टेप फिरवता फिरवता म्हणाली ताई इथे काय आलंय हो, लिंबाएवढं? उजव्या खांद्याच्या मागे, जिथे मला स्वतःला दिसत नाही आणि हात पण धड पोचत नाही. मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी, दाबली की बोटाखालून सटकते, दुखत अजिबात नाही. सासूबाई म्हणाल्या दुखत नाही म्हणजे वाईट असणार, दुखली असती तरी त्या हेच म्हणाल्या असत्या. मला खरा त्रास एकच, पर्सचा पट्टा बरोब्बर त्याच्यावर बसतो आणि प्रभादेवी ते अंधेरी रोज उभं राहून जाताना कोणाचं कोपर तिथे लागलं की जीव जातो.

ऑपरेशन या शब्दाला मी घाबरते हे घरात सगळ्यांना माहितीये. जाऊबाई म्हणाल्या कापाकापी कशाला, होमिओपॅथीने विरघळते, आणि मला पण पटलं कारण मुलगा चौथीत असताना त्याच्या बोटावरची चामखीळ थुजा हे होमिओपॅथीचं औषध दिल्यावर गेली होती. (आता भाचीने सांगितलं की चामखीळ व्हायरसमुळे होते आणि लहान मुलांची पुष्कळदा आपली आपणच जाते. तेव्हा कोणी सांगितलं नाही, सगळं क्रेडिट थुजाला गेलं.)

पहिल्या व्हिजिटला मात्र खरंच फुल मार्क. मॅडमनी मला ५० मिनिटं दिली, घड्याळ बघून सांगतेय. एवढा वेळ माझं ऐकून घेणारं माणूस मला आमच्या घरात सुद्धा मिळत नाही. थंडी जास्त सोसत नाही की ऊन, तहान किती लागते, झोपेत डोक्याला घाम येतो का, स्वप्नं कसली पडतात, अंडी आवडतात का, राग आला की बोलता की गिळता. वडील गेले तेव्हाचं विचारलं आणि मी तिथेच रडले, बॉक्समधला टिश्यू पण त्यांनीच काढून दिला. बाहेर आले तेव्हा गाठ तेवढीच पण मन इतकं हलकं की सहा महिन्यांचं ९,००० चं पॅकेज तिथल्या तिथे जीपे केलं. पहिल्या कन्सल्टिंगचे ७०० वेगळे.

गोळ्या नेहमीच्या, साबुदाण्यासारख्या पांढऱ्या, दोन बाटल्या, झाकणावर १ आणि २ असे आकडे, नाव काही नाही. सकाळी चार, रात्री चार, हात लावायचा नाही, झाकणातून सरळ जिभेवर. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद, लसूण बंद, कापूर जवळ पण नको. आता लालबागमधे राहून लसणाशिवाय कोलंबीचं कालवण करून दाखवा कोणीतरी. माझ्यासाठी वेगळं भांडं लावायला लागायचं. वर तेलकट बंद, गाठ चरबीची ना म्हणून. त्याने माझं चार किलो वजन उतरलं, ते चांगलंच झालं, पण गाठ आहे तिथेच आणि आजूबाजूची चरबी कमी झाल्यामुळे उलट जास्त वर दिसायला लागली. नंतर सर्जन म्हणाले की हे असंच होतं, माणूस बारीक झाला तरी लायपोमा (म्हणजे ही चरबीची गाठ) बारीक होत नाही.

आता मोजमापाचं. आमचे हे टर्नर, सगळं आयुष्य मशीन शॉपमधे गेलं, रिटायर झाले तरी व्हर्नियर कॅलिपर (दोन जबड्यांत वस्तू धरून मिलीमीटरमधे मोजायचं हत्यार) घरी, देवासारखा मऊ फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी ठरवलं दर महिन्याच्या १ तारखेला मोजायचं. मऊ वस्तू व्हर्नियरने मोजणं सोपं नाही, जबडा दाबला की गाठ पसरते आणि वाट्टेल तो आकडा येतो, म्हणून यांचा नियम असा की मी खिडकीकडे पाठ करून हात खाली सोडून उभी राहायची, जबडा नुसता टेकवायचा, तीनदा मोजायचं आणि मधला आकडा कालनिर्णयच्या मागे लिहायचा. नोव्हेंबर ३१ मिलीमीटर. डिसेंबर ३१. जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं तर जुने आकडे त्याच्यावर उतरवून घेतले आणि खाली लिहिलं ३२. फेब्रुवारी ३१. मार्च ३३.

आणि क्लिनिकमधे? मॅडम दर वेळी दोन बोटांनी चाचपायच्या आणि म्हणायच्या छान, सॉफ्ट झालीय, पंधरावीस टक्के कमी आहे. पट्टी नाही, फोटो नाही, आधीच्या पेपरवर आकडाच लिहिलेला नाही, मग टक्के कशाचे काढले? जानेवारीत मी ह्यांचे आकडे सांगितले तर हसून म्हणाल्या काका फार बारीक बघतात. घरी येऊन हे सांगितलं तर ह्यांना आठवडाभर राग, व्हर्नियरवर कोणी शंका घेतलेली त्यांना चालत नाही.

तिसऱ्या व्हिजिटला मी हट्टच केला की औषधाचं नाव सांगा. कॅल्केरिया कार्ब २००. मग घरी वाचलं तर ते म्हणे कालवाच्या शिंपल्याच्या मधल्या थरापासून करतात. अहो कालवं आम्ही ताट भरून खातो, त्याने गाठ जायची तर ती आलीच कशी असती! लायपोमावर हे लोक बॅरायटा कार्ब, लॅपिस अल्बस, थुजा, फायटोलॅका पण देतात, गाठीपेक्षा माणसाची प्रकृती बघून निवडतात. कॅल्केरियावाल्या माणसाचं वर्णन वाचलं तर हुबेहूब मी, अंगाने भरलेली, थंडी सोसत नाही, डोक्याला घाम, अंड्याची आवड. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायका त्यात बसतील.

भाची बी फार्मला आहे, तिने २०० म्हणजे काय ते स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन समजावलं. एक भाग औषध, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल, झटके देऊन हलवायचं, त्यातला एक भाग परत ९९ मधे, असं २०० वेळा. (शिंपला विरघळत नाही म्हणून त्याला आधी दुधाच्या साखरेत घोटतात.) ती म्हणाली मावशी, बाराव्या वेळेपर्यंतच मूळ वस्तूचा एक रेणू पण सापडायची आशा संपते, पुढच्या १८८ वेळा नुसतं पाण्यात पाणी. होमिओपॅथी काढणाऱ्या हानेमानने १७९० च्या सुमाराला सिंकोनाच्या सालीचा प्रयोग स्वतःवर केला तेव्हा रेणू मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे त्याचा दोष नाही म्हणते. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलने २०१५ मधे झालेले अभ्यास तपासून सांगितलंय की होमिओपॅथी अमुक आजारावर चालते असा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी नाही. मी हे मॅडमना सांगितलं, भीत भीतच, तर म्हणाल्या शंका घेतली की गुण यायला उशीर होतो.

पण औषध लागू पडलं नाही हा माझा मुख्य राग नाहीये, औषध कुठलंही न लागू शकतं. राग याचा आहे की पाच महिन्यांत एकदाही, एकदाही, सोनोग्राफी करून या असं त्या म्हणाल्या नाहीत. गाठ चरबीचीच आहे हे बोटांनी ठरवलं आणि कमी झाली हे पण बोटांनीच. मार्चचा ३३ आल्यावर मी आमच्या नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, त्यांनी दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली. सोनोग्राफीत लायपोमाच निघाला, कातडीखाली, ३४ मिलीमीटर (हे दिवसभर खुश होते, फक्त एकाचा फरक म्हणून). सर्जन म्हणाले हजारात एकाला असते, चाळिशी ते साठीत जास्त, त्रास नसेल तर आयुष्यभर राहू दे, काही बिघडत नाही. मात्र ५ सेंटीमीटरच्या वर गेली, भरभर वाढली, कडक लागली, दुखायला लागली किंवा खाली स्नायूला चिकटून हलेनाशी झाली तर थांबायचं नाही, कारण क्वचित त्यातली एखादी लायपोमा नसते. माझी नशिबाने त्यातली नव्हती.

मी पट्ट्याच्या त्रासामुळे काढून घेतली, जूनमधे, म्युनिसिपल हॉस्पिटलला. फक्त तेवढी जागा बधिर केली, इंजेक्शनची चुणचुण सोडली तर काही नाही, अर्धा तास पण नाही लागला. गाठीभोवती पातळ पिशवी असते, तिच्यासकट काढली की तिथेच सहसा परत येत नाही. मला ट्रेमधे दाखवली, पिवळीधम्मक, कोंबडीच्या चरबीसारखी, अख्खी. तपासायला पाठवली, रिपोर्ट साधा आला. आणि याला मी घाबरून पाच महिने लसूण सोडला होता.

क्लिनिकबद्दल बाकी: जिना अरुंद आणि अंधारा आहे, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. वेटिंग जास्त नाही. रिसेप्शनची मुलगी गोड आहे पण पॅकेजचा उरलेला एक महिना मागितला तर रिफंड पॉलिसी नाही म्हणाली, पाहिजे तर सासूबाईंच्या संधिवातासाठी ट्रान्सफर करून देते. एक स्टार त्या ५० मिनिटांचा, एक त्या मुलीचा. मला अजून दर महिन्याला व्हॉट्सॲपवर तुमचा फॉलोअप ड्यू आहे असा मेसेज येतो, गेल्या वेळी हे म्हणाले आण इकडे, आणि सगळे महिने आणि आकडे टाईप करून पाठवले, शेवटी जूनपुढे ०. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.